गाडी सांगू का

सगळ्यांना सोडून मलाच का विचारलं त्याने? रात्रीचे साडेदहा वाजून गेलेत, माझे पाय गरम पाण्याच्या बादलीत आहेत, हे केव्हाच घोरायला लागलेत आणि डोक्यात अजून तेच चाललंय.

चीनमधल्या शीआन शहराच्या जुन्या तटावर, पश्चिम दरवाजा यायच्या थोडं अलीकडे. तटावरून पर्यटकांसाठी बॅटरीवरच्या गाड्या फिरतात. तशी एक समोरून येताना दिसली. आमचा तो शहर दाखवत पळवणारा पोरगा पुढून मागे आला, थेट माझ्यापाशी, गाडीकडे बोट केलं आणि म्हणाला, तुमच्यासाठी सांगू का? हसून म्हणाला. चेहऱ्यावर वाईट असं काही नव्हतंच. असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

बरं, मी काही शेवटची नव्हते. तो धिप्पाड हॉलंडवाला माझ्याही मागे होता, लोहाराच्या भात्यासारखा धापा टाकत. त्याला नाही विचारलं. मग माझ्यात काय दिसलं? गुडघ्यावरची पट्टी? केस? गेल्या वर्षभरात रंगवले नाहीत ते एका अर्थी मुद्दामच, पण तो विषय आज नको.

नको म्हटलं आणि पळत सुटले. वाटेत जे दिसलं ते सगळं या रागातूनच पाहिलं, त्यामुळे नीट पाहिलं की नाही कोण जाणे. तटाचा फेरा जवळजवळ 14 किलोमीटरचा, वरची रुंदी एवढी की दोन ट्रक शेजारून जावेत. दक्षिण दरवाज्यावर चढताना पोराने सगळं सांगितलं होतं. मिंग राजांनी 1370 च्या दशकात बांधला तो मातीचा, ठोकून ठोकून घट्ट केलेला. विटांचं आवरण 1568 मध्ये चढलं. त्या विटांच्या कडा आता झिजल्यात, दोन विटांमधल्या फटीत बुटाचं टोक अडकतं, म्हणून मान खाली घालूनच पळावं लागतं. सायकलवाले तर खडखड उडत जात होते. मनात आलं, मान खाली बघूनच त्याला वाटलं असेल का, बाई थकली? पण मान तर सगळ्यांचीच खाली होती!

नैऋत्येचा कोपरा गोल आहे, बाकीचे तीन चौकोनी. हे मला आवडलं होतं, कारण तेव्हा अजून गाडी यायची होती.

खाली खंदकाच्या कडेने बाग आहे. बारा मीटर उंचीवरूनही चाबकाचे फटाके ऐकू येत होते. वाकून पाहिलं तर एक आजोबा चाबकाने हा एवढा मोठा भोवरा फिरवत होते. दुसरे एक उलटे चालत होते, हात मागे बांधून, अगदी निवांत. सत्तरी तर दोघांनीही ओलांडली असेल. त्यांना कोणी गाडी सांगत नाही.

वायव्य कोपऱ्याशी तिबेटी मंदिराची छपरं दिसली. उत्तर दरवाजा गेला. मग रेल्वे स्टेशन आलं, तटाला अगदी चिकटून. तिथे तट कितीतरी वर्षं तुटलेला होता, 2004 मध्ये जोडला. तिथून मी चालतच होते, खरं सांगायचं तर. आणि चालताना रडूच यायला लागलं, म्हणजे आलं नाही, पण घसा दाटला. की आता हे असंच होणार. बसमध्ये उठून जागा देतील, पिशवी हातातून घेतील, जिन्यापाशी कोपर धरतील. सगळं हसतमुखाने. आईचं झालं तसं... ते नकोच.

पूर्व दरवाज्याजवळ तो पोरगा पुन्हा मागे आला. मी म्हटलं, आता विचारलंस तर बघ. त्याने नुसती पाण्याची बाटली पुढे केली. मी घेतली. तहान लागली होती.

हसू कुठे आलं ते आठवतंय. आग्नेयेचा कोपरा वळल्यावर तो दक्षिणेकडे हात करून ह्युएनत्संगाच्या पॅगोडाबद्दल सांगायला लागला. पॅगोडा तटाच्या पार बाहेर आहे, पण तांग राजांच्या काळी तोही शहराच्या आतच होता, कारण तेव्हाच्या चांगआनचा, म्हणजे याच शहराचा, तट 36 किलोमीटरच्या आसपास होता, आत्ताचा तट त्यापुढे अंगणच. ह्युएनत्संग भारतातून पोथ्या घेऊन 645 मध्ये इथे परतला, त्या ठेवायला 652 मध्ये पॅगोडा उभा राहिला. हे तो मला सांगतोय, आणि मला शाळेतलं इतिहासाचं पुस्तक आठवतंय. पुलकेशीच्या राज्यात हाच माणूस आपल्याकडे येऊन गेला होता आणि आपल्याबद्दल लिहून ठेवलंय त्याने. उपकार विसरत नाहीत, अपमान मात्र गिळत नाहीत, जिवावर उदार होऊन सूड घेतात. आणि सूड घ्यायच्या आधी शत्रूला तशी आगाऊ सूचना देतात.

म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी याच गावी परतलेल्या माणसाने माझं निदान करून ठेवलंय. फक्त मी सूचना द्यायची विसरले. आणि सूड म्हणजे काय, तर गुडघ्याला पट्टी बांधून पुढे पळत सुटले, ज्याचा शत्रूला पत्ताही नाही. शत्रू बापडा पाणी देतोय.

हसले तर त्यालाही बरं वाटलं असावं. माझे फोटो काढायला लागला. ते आत्ता आलेत. निम्म्यांत मी कोणाचा तरी मुडदा पाडायला निघाल्यासारखी दिसतेय.

दुपारी सगळ्यांना घेऊन तो जुन्या मुसलमान वस्तीत जेवायला गेला. मटणाचा रस्सा आणि त्यात कुस्करलेली रोटी. पण कुस्करायची आपणच. कोरडी, जाड, कडक रोटी आणि रिकामा वाडगा समोर ठेवतात. हाताने बारीक बारीक तुकडे करायचे, सोयाबीनच्या दाण्याएवढे, मग वाडगा आत जातो आणि रस्सा घालून, उकळून परत येतो. मी आपली भाकरी चुरते तशी भराभर चुरून मोकळी झाले, सगळ्यांच्या आधी. वाढणाऱ्या बाईंनी वाडग्यात डोकावून पाहिलं, एक तुकडा उचलून मला दाखवला आणि वाडगा परत माझ्यापुढे सरकवला. हॉलंडवाल्याचा मात्र पास झाला. त्या केळ्याएवढाल्या बोटांनी इतकं बारीक काम कसं केलं त्याने, देव जाणे.

पुन्हा चुरत बसले. बोटांची टोकं लाल झाली. बाकीच्यांचं जेवण उरकत आलं होतं, कोणाला घाई नव्हती. पोरगा शेजारी बसून स्वतःची दुसरी रोटी चुरत होता, माझ्याकडे न बघता. माझ्यासाठी बसला होता की भुकेसाठी, विचारावंसं वाटलं. नाही विचारलं.

मटण छान शिजलं होतं, तिखट कमी. सोबत गोड मुरवलेल्या लसणाच्या पाकळ्या देतात, त्या मी आणखी मागून घेतल्या.