हसायचंय? मग वाच!

माझा मुलगा चौथीत आहे, इंग्रजी माध्यमात. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे तास होतात, परीक्षा होते, मार्कही बरे पडतात. पण आपणहून मराठी पुस्तक उचलायचं म्हटलं की स्वारीचं पोट दुखायला लागायचं. अक्षरं येत नाहीत अशातला भाग नव्हता. यायची, पण एकेक करून. 'विद्यार्थ्यांच्या'पाशी आला की वाक्य कुठून सुरू झालं तेच विसरायचा.

इंग्रजीत मात्र 'कॅप्टन अंडरपँट्स'ने त्याला धरून ठेवलं होतं. चड्डीवर हिंडणारा सुपरहिरो! सासूबाईंनी मुखपृष्ठ पाहून नाक मुरडलं. मी त्या लेखकाविषयी थोडं वाचलं. डेव्ह पिल्की यांना लहानपणी डिस्लेक्सिया (वाचताना अक्षरं जुळवायला होणारा त्रास) आणि एडीएचडी (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही, असा त्रास) होता, वर्गात गोंधळ घालतो म्हणून बाई त्यांना बाहेर व्हरांड्यात बसवायच्या, आणि तिथेच दुसरीत असताना त्यांनी हे पात्र काढलं. पुढे १९९७ मध्ये पहिलं पुस्तक आलं. हे कळल्यावर मी ते पुस्तक नीट चाळलं. प्रकरणं इवलीइवली, दोन-चार पानांची. जवळपास प्रत्येक पानावर चित्र. परिच्छेद आखूड, संवाद भरपूर. 'आता थांबावं' असं वाटायच्या आत प्रकरण संपतं आणि 'आणखी एक वाचू' असं होतं. वाचायचा कंटाळा असलेल्या माणसाने कंटाळलेल्या मुलांसाठी लिहिलंय, हे पानापानावर कळतं.

असं मराठीत शोधायला पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात गेले. लहानांच्या कप्प्यात चित्रांची पुस्तकं सुंदर मिळतात. त्याच्या पलीकडे तेनालीराम, बिरबल, थोरांची चरित्रं आणि मग एकदम बारीक टायपाच्या जाड कादंबऱ्या. मधली पायरी फार अरुंद. दुकानदार भले होते, पण 'चौथीतल्या मुलासाठी विनोदी' म्हटल्यावर त्यांनी संस्कारकथा काढून दिल्या. मी उभ्या उभ्याच पुस्तकं उघडून पाहायला लागले: पहिल्याच पानावर कोणी काही बोलतंय का? टाइप मोठा आहे का? शेवटी तात्पर्य असेल तर पुस्तक परत कप्प्यात.

त्यातून हाती लागला दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे'. नायकाचं खरं नाव चिन्मयानंद. तिथेच आमचा गडी अडकला. "चि...न्... म... या... नंद. आई, असं नाव कोण ठेवतं?" पण हसला. पुढचे कित्येक दिवस घरात कोणी कोणाला साध्या नावाने हाक मारली नाही. 'न्म' हे जोडाक्षर आम्हाला कधी शिकवावंच लागलं नाही.

मला खरी गोष्ट इथे उमगली. अडखळत वाचला की विनोद पडतो, आणि तो पडला हे मुलाला लगेच कळतं. मग तो तीच ओळ पुन्हा वाचतो. एकदा कळायला, एकदा हसायला, आणि मग ताईला नाहीतर आजीला वाचून दाखवायला. वाचून दाखवताना तर अजिबात अडखळून चालत नाही, नाहीतर समोरचा हसत नाही. धड्याचा परिच्छेद पुन्हा वाच म्हटलं की रडारड, आणि इथे तोच मुलगा एक पान न सांगता घोटून घेतोय. मी फक्त ऐकायचं काम केलं. चूक सुधारायची नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. तो पाळताना जीभ किती वेळा चावली ते विचारू नका.

रोज नवं पुस्तक विकत घेणं परवडत नाही. मधल्या दिवसांसाठी 'स्टोरीवीवर' कामी आलं. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेला हा इंटरनेटवरचा गोष्टींचा खजिना फुकट आहे, मराठी गोष्टी भरपूर आहेत, आणि त्यांच्या चार पातळ्या केलेल्या आहेत. तो चौथीत असला तरी मी बिनदिक्कत दुसऱ्या पातळीपासून सुरुवात केली. पातळीचा आकडा दिसणार नाही अशा बेताने प्रिंट काढायची, एवढंच.

विरोध आला तो मामंजींकडून. "आमच्या वेळी चिमणराव वाचायचो. हे काय, नुसती चित्रं!" मी म्हटलं, "बाबा, टीव्हीवर चिमणराव कोणी केला होता?" दूरदर्शनची ती मालिका त्यांची जीव की प्राण. चिमणराव झालेले प्रभावळकरच बोक्याचे लेखक, हे ध्यानात आल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि पुस्तक स्वतःकडे ओढलं. नातवाला ते परत मिळायला संध्याकाळ झाली.

मग चि. वि. जोशींचा चिमणरावही आला, पण तो आजोबांनी वाचायचा आणि नातवाने ऐकायचा. ती भाषा आजच्या नऊ वर्षांच्या मुलाला एकट्याने झेपत नाही. गुंड्याभाऊ ऐकून मात्र तो लोळतो.

सध्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चालू आहे. लांब परिच्छेद आला की हा पठ्ठ्या सरळ उडी मारून फेणेच्या तोंडचं पुढचं 'टॉक्' शोधतो. मी बघून न बघितल्यासारखं करते. मराठीचं पाठ्यपुस्तक अजूनही परीक्षेच्या आदल्या दिवशीच उघडतं.