लाल वटवाघळांची कुपी

जळगावच्या आमच्या घरातील काचेच्या कपाटात आजोबांची पितळी तपकिरीची डबी आहे आणि तिच्या शेजारी मी जमवलेल्या तपकिरीच्या चिनी कुप्या आहेत, मीनाकामाच्या, म्हणजे वर रंगीत काचेचा थर वितळवून चढवलेल्या. त्यांतली माझी सर्वांत आवडती कुपी तांब्याची, जेमतेम बोटभर उंचीची आहे. तिच्या बुचाला आतून तपकीर काढण्याचा इवलासा चमचा जोडलेला असून, गळ्याशी मीना उडाल्यामुळे तांबे उघडे पडले आहे.

तिच्यावर पाच लाल वटवाघळे रंगवलेली आहेत. आपल्याकडे वटवाघूळ घरात शिरले की म्हातारी माणसे अपशकुन मानतात. चिनी भाषेत मात्र वटवाघूळ आणि सौभाग्य या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘फू’ असाच होतो, आणि म्हणून पाच वटवाघळे म्हणजे दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचार आणि शांत मृत्यू ही पाच सुखे. शांत मरणालाही सुखात गणणारी ही यादी मला फार जवळची वाटते.

कांग्शी सम्राटाच्या काळात बीजिंगच्या राजवाड्यात मीनाकामाचे कारखाने सुरू झाले आणि युरोपीय मिशनरी कारागीरही तिथे राबले. काचेवरचे मीनाकाम सर्वांत अवघड, कारण मीना वितळण्याइतकी आच दिली की काचही मऊ पडू लागते.

नव्याने संग्रह करणाऱ्यांनी तळावरच्या छ्यानलोंग सम्राटाच्या कारकिर्दीच्या (१७३६ ते १७९५) मुद्रेवर विसंबून पैसे मोजू नयेत, कारण ती मुद्रा पुढच्या काळातील असंख्य कुप्यांवरही उमटवलेली आढळते. माझ्या कुपीवरही ती आहे, आणि मी तिला नंतरचीच मानतो.