खर्जातला कोमल धैवत

न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या सभागृहातला पियानो गेली अकरा वर्षं मी सांभाळतो. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी संध्याकाळी तिथे पियानोची मैफल होती. सूर लावायला सकाळी नऊला आत शिरलो आणि दारातच कळलं, आज काम वाढणार. तीन दिवस पावसाची झड लागलेली, आणि खर्च वाचवायला सभागृहातला एसी आठवडाभर बंद. पियानोजवळचा आर्द्रतामापक ७१ टक्के दाखवत होता. पियानोला ४०-५० च्या आसपास मानवतं.

अशा हवेत तारांखालची आवाज घुमवणारी स्प्रूसच्या लाकडाची फळी, म्हणजे साउंडबोर्ड, ओल धरतो, फुगतो, मधून वर उचलला जातो. तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. सगळे सूर सारखेच चढले तर निभावून नेता येईल. पण मधलं सप्तक जास्त चढतं आणि खर्ज जवळपास जागच्या जागी राहतो, म्हणजे एकाच वाद्यात दोन वाद्यं. तिथे साफसफाई बघणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांनी स्वतः तीन फोन करून एसी चालू करून घेतला, रंगमंचावरचे दिवेही लावले. दिव्यांच्या उष्णतेने सूर हलतो, म्हणून मैफलीत असणार तसाच उजेड ठेवून मी ट्यूनिंग करतो.

मी मूळचा मिरजेचा. तंबोऱ्याची जवारी काढताना वडील मला शेजारी बसवत आणि तारेतून आपोआप उमटणारा गंधार ऐकू आला की मान हलवायला सांगत. तो स्वयंभू गंधार कानात घेऊन मी या धंद्यात आलो आणि पहिलं वर्षभर हैराण झालो. पियानोत सप्तकाचे बारा सूर सारख्या अंतरावर लावतात. या समान श्रुतींत गंधार शुद्धापेक्षा जवळजवळ १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा ठेवावा लागतो. मधल्या एफ आणि ए या जोडीत सेकंदाला साधारण सात बीट्स, म्हणजे आवाजाचे हेलकावे, ऐकू आल्या पाहिजेत. मिरजेच्या कानाला ती थरथर म्हणजे चूकच. हाताला पटलं तरी मनाला पटायला फार दिवस लागले. त्या दिवशीही दोनशेहून जास्त तारांवरून फिरताना प्रत्येक गंधाराशी थोडं थांबलोच.

पियानोवादिका तीनला आल्या. व्हायोलिनवाला आपलं वाद्य काखेत मारून येतो. पियानोवाल्याला मात्र गावोगावी समोर उभ्या असलेल्या वाद्याशी दोन तासांत ओळख करून घ्यावी लागते. होरोविट्झसारखा एखादाच नामवंत पियानोवादक स्वतःचा स्टाइनवे पियानो बरोबर घेऊन फिरू शकला. या बाईंना इतर ठिकाणी ९ फुटी कॉन्सर्ट ग्रँड मिळत असणार, इथे ७ फुटी होता, पण त्याबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. उत्तरार्धात ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टचा बी फ्लॅटमधला शेवटचा सोनाटा होता, त्याच्या रचनांच्या यादीतला डी ९६०. सप्टेंबर १८२८ मध्ये तो पुरा झाला आणि १९ नोव्हेंबरला, ३१ व्या वर्षी, शूबर्ट गेला.

या सोनाट्याची सुरुवात अगदी हळू. बी फ्लॅटला सा धरला तर धून पंचमावर येऊन टेकते आणि आठव्या बारमध्ये (मात्रांच्या आठव्या गटात) खाली खर्जात कोमल धैवत थरथरतो. जेमतेम ऐकू येईल एवढाच. मग शांतता. जी फ्लॅट आणि ए फ्लॅट, दोन काळ्या पट्ट्या. बाईंनी तो ट्रिल, म्हणजे या दोन पट्ट्यांची झरझर अदलाबदल, वाजवला, थांबल्या, पुन्हा वाजवला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जोरात वाजवलं तर वाजतंय. हळू वाजवलं की वरची पट्टी बोलत नाही. बाकी सगळं मी सांभाळून घेईन, एवढं मात्र तुम्ही बघा."

मी बसून दाबून पाहिलं. पट्टी वर येत होती, पण वरचा हातोडा आळसावल्यासारखा परतत होता. सव्वाचार वाजले होते आणि पाचला त्यांना पुन्हा सराव हवा होता. पुढची फळी आणि बाजूचे ठोकळे काढून सबंध यंत्रणा मी मांडीवर ओढून घेतली. हे करताना एक जरी पट्टी चुकून दाबली गेली तर उचललेला हातोडा कडेला अडकून दांडी मोडते, म्हणून मी श्वासही बेताने घेत होतो. ए फ्लॅटचा हातोडा सोडवून झुलवला. चांगला हातोडा पाच-सहा झोके घेतो, याने दीड घेतला. ज्या पिनेवर तो फिरतो तिच्याभोवतीचं लोकरी कापड दमटपणाने फुगून पिनेला घट्ट धरून बसलं होतं. जुनी पिन काढली, छिद्र हलक्या हाताने साफ केलं, नवी पिन घातली. पहिली सैल झाली. सैल चालत नाही, हातोडा डुलतो आणि आवाज फाटतो. दुसरी, नेमकी त्या मापाची, बसली. सहा झोके. शेजारचा जी फ्लॅट बरा होता, तरी त्याचीही पिन बदलली. दोघांना जोडीने थरथरायचं होतं.

बाईंनी येऊन तो ट्रिल एकदाच वाजवला, मान हलवली आणि पुढे गेल्या. सातला दारं उघडण्याआधी मी मधल्या सप्तकात तीन-चार युनिसन, म्हणजे एकाच सुराच्या तारांचे जुळलेले सूर, सावरून घेतले.

सभागृह भरत आलं. दरवर्षी येणारी म्हातारी जोडपी, पियानो शिकणारी शाळकरी मुलं, आणि ड्यूटीवरून थेट आलेल्या, हिरव्या कपड्यांतल्या नर्सिंगच्या दोन विद्यार्थिनी. मी विंगेत उभा होतो. शूबर्ट सुरू झाला, धून पंचमावर आली आणि माझ्या हाताच्या मुठी आवळल्या. आठवा बार. दोन्ही पट्ट्या बोलल्या. आवाज इतका खालून आला की तो ऐकला की पायाखालच्या फळीतून जाणवला, हे सांगता येत नाही. मग ती शांतता, तिच्यात कुणी खोकलंही नाही.

एक धाकधूक उरली होती. सोनाट्याच्या सुरुवातीचा भाग पुन्हा वाजवायचा असेल तर वळणावर शूबर्टने काही बार वेगळे लिहिलेत आणि तिथे हाच ट्रिल एकदाच पूर्ण ताकदीने येतो. बरेच वादक पुनरावृत्ती गाळतात, मग तो ऐकायलाच मिळत नाही. बाईंनी गाळली नाही. दुपारी बसवलेल्या पिना तो घाव सोसतील ना? सोसला. लगेच धून पुन्हा पहिल्यासारखी हळू सुरू झाली आणि आठव्या बारात दोन्ही पट्ट्या पुन्हा तशाच हलक्या बोलल्या.

सगळे गेल्यावर मी हत्यारं आवरत होतो. सकाळचे ते गृहस्थ मागे उभं राहून ऐकत होते म्हणे. जवळ येऊन म्हणाले, "ते खालून हललं, ते काय होतं?" मी पट्टी दाखवली. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, हात पँटला पुसले आणि एका बोटाने ती दाबली. आवाज पूर्ण विरेपर्यंत त्यांनी बोट उचललं नाही.