पेरणारा चुकत नव्हता

जेरुसलेमचे तीन दिवस गर्दीत गेले. पवित्र कबरेच्या चर्चमध्ये रांगेत दोन तास, आत क्षणभर. प्रार्थना सुचलीच नाही. मला लिहायचंय ते नासरेथमधल्या एका तुकडाभर शेताबद्दल.

आमची शेती नेवाशाकडची. चर्चमध्ये पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बी पेरणाऱ्याची गोष्ट, वाचून झाला की अप्पा घरी येऊन हटकून म्हणायचे, "बी वाटेवर टाकतो, खडकाळीवर टाकतो, काट्यांत टाकतो. हा कसला शेतकरी?" जन्मभर तिफणीच्या चाड्यावर मूठ धरलेल्या माणसाला ते पटणार कसं? मलाही कधी पटलं नव्हतं.

'नासरेथ व्हिलेज' म्हणजे येशूच्या काळातलं गाव जसं असेल तसं उभारलेलं, २००० साली खुलं झालेलं. नुसता देखावा असेल असं वाटलं होतं. पण उतारावरची पायऱ्यांची शेती आणि खडकात कोरलेलं द्राक्षकुंड खरोखरचं जुनं आहे.

शेत आमच्या खळ्याएवढं. दगडी ताल घालून अडवलेली माती, मधून तुडवून टणक झालेली पायवाट, कडेला काटेरी झुडपं. वाटाड्याने झोळीतून मूठ भरली आणि दाणे फोकले. बी आधी फोकायचं, मग त्यावर नांगर फिरवायचा, अशी तिथली रीत. बरेच दाणे मातीत पडले, काही वाटेवर, चार-दोन काट्यांत. एवढ्याशा जागेत दुसरं काय होणार! माझ्या अंगावर काटा आला. तिथूनच अप्पांना व्हिडिओ कॉल लावला.

"बोट घालून बघ, माती किती खोल आहे?"

घातलं. दुसऱ्या पेरालाच चुनखडक लागला.

"हां. मग तिथलं सगळ्यांच्या आधी उगवेल. पण ऊन चढलं की माना टाकेल."

बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात, या दाखल्यात नेमकं हेच आहे. ते अप्पा मातीवरून सांगत होते.

"आणि पाऊस?"

"ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो. शेवटचा मार्च-एप्रिलात, कणसं भरताना."

"म्हणजे आगोट हिवाळ्याच्या तोंडावर, अन् वळीव कापणीच्या आधी!" अप्पा बराच वेळ गप्प राहिले.

सहलवाल्यांनी जैतुनाच्या लाकडी वस्तूंच्या दुकानात तासभर बसवलं होतं आणि इथे जेमतेम अर्धा तास दिला. याचा राग अजून गेलेला नाही. बसचा हॉर्न वाजत होता, आणि अप्पा विचारत होते, "फाळ लोखंडी आहे की लाकडीच? जरा जवळून दाखव."