पाडव्याची कोर

बीजेची चंद्रकोर सगळेच बघतात. पाडव्याची कोर बघायला मात्र थोडं वेड लागतं, आणि ते मला आहे. २०१३ साली थिएरी लगो या फ्रेंच माणसानं ऐन अमावास्येच्या क्षणी कोर टिपली होती. आपली झेप तेवढी नाही. आपलं वेड अमावास्येनंतरच्या १९-२० तासांच्या कोरीवर भागतं.

९ एप्रिल २०२४, मंगळवार. पाडव्याला फोटोग्राफरला सुट्टी कसली? दोन दुकानांची उद्‌घाटनं आणि हार घातलेली एक नवी गाडी, सगळ्या कुटुंबासकट. दुसऱ्या दुकानाचे पाहुणे दीड तास उशिरा आले. फीत कापेपर्यंत चार वाजले.

आदल्या रात्री पावणेबाराच्या सुमारास अमेरिकेत खग्रास ग्रहण लागलं होतं, म्हणजे तेव्हा चंद्र नेमका सूर्यापुढं. आज सातला त्याचं वय जेमतेम १९ तास. त्यात चैत्र. या दिवसांत सूर्य-चंद्राची वाट मावळतीला जवळजवळ उभी असते, त्यामुळं कोर सूर्याच्या बाजूला न कलंडता त्याच्या डोक्यावर राहते. असा योग सोडवेना. फ्रेमवाल्या चाचांनी सकाळीच विचारलं होतं, "आज दिसंल का रं?" त्यांचा एकोणतिसावा रोजा होता; चंद्र दिसला तर उद्या ईद.

साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीचं पठार गाठलं. तिथं वारा असा की ट्रायपॉडला बॅग लटकवावी लागली. (वारा नसता तर पवनचक्क्या कशाला लावल्या असत्या म्हणा!) लांबच्या चक्कीच्या पात्यावर फोकस केला आणि रिंगवर चिकटपट्टी मारली. ऐनवेळी रिंग हलली तर आख्खी संध्याकाळ वाया.

सूर्य पावणेसातनंतर बुडाला. कुठल्याशा डोंगराला वणवा लागलेला, खाली सगळं धुरकट. डोळ्यांना काही नाही, दुर्बिणीतही नाही. वर गुरू लुकलुकला. तिथून सूर्य बुडाल्या जागेकडं मनातल्या मनात रेघ ओढली आणि त्या रेघेवर एकेक फ्रेम घेत उतरलो. ३०० एमएम, आयएसओ ४००, साठांश सेकंद. प्रत्येक फोटो स्क्रीनवर मोठा करून बघायचा, पुढं सरकायचं. सात बाराला एका फ्रेममध्ये केसाएवढी रेघ दिसली. धूळ वाटली म्हणून बोटानं पुसली. गेली नाही. दोन्ही टोकं वर, अगदी होडी. नेमकी जागा कळल्यावरही नुसत्या डोळ्यांना ती सापडेना. आठ मिनिटांत तीसेक फोटो घेतले, मग ती धुरात गेली.

चाचांचा फोन आलाच.

"दिसला का?"

"कॅमेऱ्यात आलाय, चाचा."

"कॅमेऱ्यातलं न्हवं रं. तुझ्या डोळ्यानं बघितलास का?"

खोटं बोलायचा मोह झाला, तो क्षणभरच. "नाही."

"मग नाही दिसला. रोजा हाय उद्या."

केरळात बुधवारी ईद झाली, आमच्याकडं गुरुवारी. बुधवारी संध्याकाळी पोवई नाक्यावर सिग्नलला उभं राहूनसुद्धा कोर लख्ख दिसत होती.

शीरखुर्मा झाल्यावर फोटो फ्रेमला दिला. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाजवळ नेला, उजेडाकडं तिरका धरला. मी बोट पुढं केलं तर म्हणाले, "थांब, सांगू नको."