‘पम्प्ड अप किक्स’ घरी उभे करताना: बास झाला, आता आवाज

‘फॉस्टर द पीपल’ या लॉस एंजेलिसच्या बँडचे ‘पम्प्ड अप किक्स’ घरच्या साधनांवर पुन्हा उभे करण्याचे काम आता मुख्य आवाजापर्यंत आले आहे. ड्रम, बास आणि गिटार यांचे ट्रॅक पूर्ण झाले आहेत. हे गाणे निवडण्याचे कारण असे की ते मुळातच एकट्याने केलेले ध्वनिमुद्रण आहे: त्या काळी जाहिरातींना संगीत देणाऱ्या मार्क फॉस्टरने सगळी वाद्ये स्वतः वाजवून डेमो तयार केला आणि पुढे जगाने ऐकले तेही बहुतांशी तेच.

गाण्याची गती मिनिटाला 128 ठोके आहे आणि एफ मायनर, ए फ्लॅट, ई फ्लॅट, बी फ्लॅट हे चार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) कडव्यात आणि ध्रुवपदातही तसेच फिरत राहतात. एफला षड्ज मानले तर हे काफी थाटाचे स्वर होतात. बी फ्लॅट मेजरमध्ये येणारा शुद्ध धैवत हीच या चालीतली उजेडाची जागा आहे. तिथे बी फ्लॅट मायनर वाजवून पाहिला, म्हणजे धैवत कोमल केला, तर बास तोच राहूनही गाणे लगेच खिन्न होते. तो एक स्वर जपण्यासाठी गिटारचा आवाज मिक्समध्ये थोडा वर ठेवला आहे.

आवाजाचे काम मात्र वेगळ्या प्रकारचे आहे. मूळ गाण्यात कडव्यांचा आवाज मुद्दाम दाबलेला असून जुन्या टेलिफोनमधून यावा तसा ऐकू येतो; ध्रुवपदात तो मोकळा होतो आणि आपोआप गुणगुणला जातो. मी कडवे आधी स्वच्छ गाऊन घेतले आणि मग ईक्यूने (फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) खालच्या व वरच्या फ्रिक्वेन्सी कापून, थोडे डिस्टॉर्शन (मुद्दाम आणलेली खरखर) देऊन दुसरी प्रत केली. स्वच्छ प्रत ऐकणाऱ्या मित्रांचे लक्ष पहिल्याच कडव्यात शब्दांकडे गेले आणि ताल धरणारे पाय थांबले. दबलेल्या प्रतीवर त्यांनी शेवटपर्यंत ठेका धरला.

या गाण्याचे स्वागत जसे झाले त्याचे मूळ मला इथेच दिसते. फॉस्टरने 2010 मध्ये ते आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवले, ते हातोहात पसरले, बँडला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या छत्राखालील स्टारटाइम लेबलचा करार मिळाला आणि 2011 मध्ये अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड हॉट 100 यादीत गाणे सलग आठ आठवडे तिसऱ्या क्रमांकावर राहिले. ग्रॅमीचे नामांकनही मिळाले. एवढ्या आनंदाने वाजवले गेलेले हे गाणे एका एकाकी, मनाने बिघडलेल्या मुलाच्या डोक्यातील हिंसक विचारांविषयी आहे, हे अनेकांच्या उशिरा ध्यानात आले. मग आक्षेप सुरू झाले, एमटीव्हीने बंदुकीशी संबंधित शब्द गाळले आणि डिसेंबर 2012 मध्ये सँडी हुक शाळेतील गोळीबारानंतर अमेरिकेतील अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवणे बंद केले. हिंसेचा गौरव केल्याचा आरोप मला मान्य नाही. बँडच्या तत्कालीन बासवादक कबी फिंकची चुलत बहीण 1999 च्या कोलंबाइन शाळेतील हत्याकांडातून वाचली होती आणि किशोरवयीन मुलांच्या मानसिक आजाराकडे लक्ष वेधणे हा हेतू फॉस्टरने वेळोवेळी सांगितला आहे. तरीही ज्यांनी अशा घटनेत आपले माणूस गमावले, त्यांना ही चाल असह्य वाटली तर त्यांच्याशी वाद घालता येत नाही. 2019 मध्ये फॉस्टरनेही हे गाणे मंचावरून कायमचे निवृत्त करण्याचा विचार बोलून दाखवला होता.

या सगळ्याचा विचार करून माझ्या प्रतीत कडव्यांचा आवाज मुळापेक्षा किंचित मोकळा ठेवायचे ठरवले आहे: डिस्टॉर्शन तेवढेच, पण व्यंजने ऐकू येतील इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सी उघड्या. यात ठेका कितपत टिकतो ते पाहूनच रिव्हर्ब (आवाजाला द्यायचा घुमारा) ठरेल. गाण्यातल्या शिळेचा ट्रॅक त्यानंतर घेईन, कारण तिची पातळी आवाजावर अवलंबून आहे.