आमची वाटचाल : पेठेतल्या झडपा, फ्लॅटमधल्या भिंती

कोल्हापुरात जुनं घर पाडायला काढलं की आधी कौलं उतरतात, मग दारं-खिडक्या आणि मग जेसीबी येतो. ह्या मधल्या टप्प्यावर आमचा धंदा उभा आहे. शुक्रवार पेठ, शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, गंगावेश इकडं अजून माडीची, मातीच्या भिंतींची घरं आहेत, त्यातली दरवर्षी काही जातात, आणि त्यांच्या खिडक्यांच्या झडपा आम्ही घेतो, दुरुस्त करतो, रंगवतो आणि लोकांच्या फ्लॅटमध्ये नाहीतर हॉटेलात लावून देतो.

मी कलानिकेतनला कमर्शियल आर्ट केलेलं, नंतर बरीच वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवायचे, फ्लेक्स आला आणि ते काम जवळजवळ संपलंच. सासऱ्यांचं सुतारकाम, ते पण प्लायवूड आणि मॉड्युलर किचननं कमी कमी होत गेलेलं. म्हणजे घरात एक रंगवणारी आणि एक रंधा मारणारे, दोघंही निम्मे रिकामे. मग २०१९ चा पूर आला. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट, त्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पाणी उतरल्यावर गल्लीगल्लीत चिखलाच्या ढिगावर सागवानी झडपा पडलेल्या. मामंजी एकेक उचलून नखानं खरवडून बघायचे आणि "अस्सल सागवान हाय गं, जळणाला चाललंय" म्हणून हळहळायचे. विचारलं की लोक न्या म्हणायचे, काहींनी तर वर टेम्पोत चढवायला हात लावला.

पुरातलं लाकूड उन्हात ठेवायचं नाही, हे मामंजींचं पहिलं वाक्य. बाहेरचा थर पटकन सुकतो, आतला ओला राहतो, मग फळी पिळवटते नाहीतर फाटते. सावलीत, उभं, मध्ये पट्ट्या घालून वारा खेळेल असं ठेवायचं आणि विसरून जायचं. आम्ही ती झडपं दिवाळी उलटल्यावरच हातात घेतली. २०२१ ला परत पूर आला तेव्हा निदान कसं रचायचं हे माहीत होतं.

आता रंगाचं. लोकांना वाटतं आम्ही रंग विकतो, पण खरं काम रंगाच्या आधीच होऊन गेलेलं असतं. जुन्या झडपेवर रंगाचे चार-पाच थर असतात, वरचा ऑइल पेंटचा हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली कधी गेरू कधी चॉकलेटी, म्हणजे घरात किती लग्नं झाली ते मोजून घ्या. ह्या जुन्या थरांत शिसं असू शकतं. आपल्याकडं घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाखात ९० भागांच्या) वर चालणार नाही हा नियम २०१६ चा, लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून, त्यामुळं त्याआधीच्या रंगाची खात्री कोण देणार. म्हणून आमच्याकडं कोरडा पॉलिश पेपर मारायचा नाही आणि हीट गननं रंग जाळायचा तर अजिबातच नाही. ओलं करून घासायचं, मास्क लावून, आणि निघालेला चिखल पोत्यात भरून बाजूला. ज्या घरात रांगतं बाळ आहे तिथं मूळ जुना रंग उघडा ठेवून द्या म्हणणाऱ्याला आम्ही सरळ नाही म्हणतो, मग गिऱ्हाईक गेलं तरी जाऊ दे.

दुसरी भानगड पांढऱ्याची. सगळ्यांना फोटोत बघून पांढरं, नाहीतर दुधी रंगाचं पाहिजे असतं. सागवानात तेल असतं आणि टॅनिन, म्हणजे लाकडातलं डाग सोडणारं द्रव्य पण, वॉटरबेस पांढरा मारला की दोन दिवसांत आतून चहा सांडल्यासारखे पिवळे डाग वर येतात, वरून अजून कितीही कोट द्या, परत येतातच. त्याला जुनाच उपाय आहे, चपडा, म्हणजे लाख. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, जो फ्रेंच पॉलिशवाले वापरतात, त्याचा हात आधी द्यायचा, त्याच्या आधी थिनरनं पुसून तेलकटपणा काढायचा. मग पांढरा पांढराच राहतो.

झिलमिलीच्या, म्हणजे फिरणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या झडपा असतील तर वेगळा ताप. मधली उभी दांडी आणि तिला प्रत्येक पट्टीला जोडणाऱ्या बारीक तारेच्या क्लिपा सगळ्या सोडवायच्या, पट्ट्यांना मागून पेन्सिलीनं नंबर घालायचे, कारण एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, हातानं बनवलेलं आहे ना. ब्रशनं रंगवलं तर कोपऱ्यात रंग साठतो आणि पट्ट्या चिकटून बसतात, फिरतच नाहीत. स्प्रेच पाहिजे, आणि पातळ कोट.

स्प्रेसाठी माणसं कुठून आणायची? बापट कॅम्पात गणपती रंगवणारी मुलं. शेडिंगचा हात असा की फर्निचर पेंटर जवळ पण येणार नाही. फक्त पावसाळ्यात गणेशचतुर्थीपर्यंत ती तुम्हाला मिळत नाहीत, फोन पण उचलत नाहीत. आणि पावसाळ्यात तसाही इथं ऑइल पेंट सुकायला नको म्हणतो. म्हणून आमचं वर्ष आपोआप ठरलंय, जून ते गणपती सुतारकाम, कीड बघणं, लांबी (पुट्टी) भरणं, आणि विसर्जन झालं की रंग. जुलैत गृहप्रवेश आहे, लगेच द्या, म्हणणाऱ्याला कितीही जवळचा असला तरी हात जोडतो.

डिस्ट्रेस फिनिशवरून जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरून झाली नाहीत. सुनेला पाहिजे असतं कडेला रंग उडालेलं, खालचा निळा दिसणारं. सासूबाई बघतात आणि म्हणतात, "आगं रंग अर्धाच मारलाय की, आणि पैसं पुरं घेतल्यात?" राजारामपुरीतल्या एका घरी आजोबांनी दुसऱ्या दिवशी स्वतः ब्रश घेऊन उडालेल्या जागा भरून टाकल्या, वर आम्हाला फोन करून सांगितलं, "तुमचं राहिलं होतं ते मी केलंय, काळजी करू नका." आता आम्ही नमुना घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला दाखवूनच काम घेतो. माझं मत विचाराल तर मुद्दाम घासून जुनं केलेलं मला पण फार आवडत नाही, जिथं हात लागून लागून झिजलंय, कडीच्या आजूबाजूला, तिथलं खरं असतं, तेवढं ठेवावं.

आणि सगळंच रंगवायचं नसतं. कधीच रंग न लागलेलं, काळपट झालेलं सागवान किंवा शिसव आलं तर जवसाचं तेल देऊन सोडतो. त्यावर पिस्ता कलर मारा म्हणणारे येतात, मामंजी त्यांच्याशी बोलतच नाहीत, मलाच जावं लागतं.

लावण्याचं थोडक्यात. सागवानी जोडी जड असते, नुसत्या खिळ्यावर टांगायची नाही. ४५ अंशात कापलेल्या दोन पट्ट्या, एक भिंतीला, एक झडपेला, एकमेकीत अडकतात. नवीन बिल्डिंगमध्ये एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांची) भिंत असते, तिथं साधा प्लास्टिकचा गट्टू धरत नाही, वेगळे अँकर लागतात. वाड्याची दारं बुटकी असतात त्यामुळं फ्लॅटच्या सात फुटी चौकटीत ती बसत नाहीत, ती आम्ही वरच्या रेलवर सरकती करतो नाहीतर बेडमागं लावतो. झिलमिलीचा सगळ्यात चांगला उपयोग कपाटाला, वारा लागतो, पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येत नाही.

सध्या दाजीपूर रोडच्या एका होमस्टेचं काम चालू आहे, सगळ्या खोल्यांना झिलमिली, रंग मेंदीचा हिरवा. कुणाच्या घरी झडपा निघाल्या असतील तर फोटो पाठवा, पण पुढचा एकटा नको, मागचा आणि खालच्या कडेचा पण पाठवा, आणि झडप आपटल्यावर पिठासारखा भुसा पडतोय का ते आधी बघा. पडत असेल तर कीड लागलेली आहे, ती आमच्याकडं आणायच्या आधी बाकीच्या लाकडापासून लांब ठेवा.